आठ व्यंजनांची भाषा : हवाईयन ध्वनींचा प्रश्न कुठवर आला?

सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टचा अभ्यास करणाऱ्याला दोन परके शब्द फार लवकर शिकावे लागतात. लाव्हा सावकाश वाहत आला, त्यावर साय धरली आणि ती दोरखंडाच्या पिळासारखी सुरकुतली, तर तो ‘पाहोएहोए’. तोच लाव्हा फुटत, टोकदार ढेकळांचा ढीग पुढे ढकलत गेला, तर तो ‘आआ’. दख्खनच्या पठाराचे थर वाचताना भूवैज्ञानिक हे शब्द सहज वापरतात आणि ते हवाई बेटांवरून आले आहेत हेही त्यांना ठाऊक असतं. गंमत पुढे आहे. पुस्तकात दोन अक्षरांत उरकलेला ‘आआ’ हवाईयन माध्यमाच्या शाळेत चार ध्वनींचा मोजला जातो. आधी घशात श्वासाची अडवणूक, मग ऱ्हस्व आ, पुन्हा अडवणूक आणि शेवटी लांबवलेला आ.

ही अडवणूक मराठी माणसाच्या घशाला नवी नाही. आपल्याकडे तिला अक्षर नाही एवढंच. लहान मूल तोंड न उघडता नुसतं ‘अं-अं’ करून दुधाचा पेला परत ढकलतं, तेव्हा दोन ‘अं’च्या मध्ये घसा क्षणभर मिटून उघडतो. हवाईयनमध्ये ते एक पुरतं व्यंजन आहे, ‘क’ किंवा ‘म’ इतकंच मानाचं. त्याच्या चिन्हाला ‘ओकिना’ म्हणतात. ‘कापणं’ या अर्थाच्या धातूवरून आलेलं हे नाव, आणि खरं तर या नावाची सुरुवातही ओकिनानेच होते. या लेखात गरजेच्या ठिकाणी ती (’) अशी दाखवली आहे. दीर्घ स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ काढतात, तिचं नाव ‘काहाको’.

या भाषेत ध्वनी नेमके किती, ते लिहायचे कसे आणि कुणाच्या तोंडचे खरे मानायचे, हे तीन प्रश्न जवळपास दोनशे वर्षं एकमेकांत गुंतलेले आहेत. वरवर ते व्याकरणाचे वाटतात. पण हवाईयन गेल्या शतकात मरणाच्या दारातून परत आलेली भाषा आहे, त्यामुळे तिथे ओकिनाच्या एका टिंबावरूनही घराघरांत मतभेद होतात.

होडीतून आलेले ध्वनी

हवाईयन ही ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या ओशियानिक शाखेतली पॉलिनेशियन भाषा. हे कुळ तैवानपासून मादागास्करपर्यंत आणि तिकडे ईस्टर बेटापर्यंत पसरलेलं आहे. ‘पाच’ या अर्थाचा ‘लिमा’ हा शब्द मलय भाषेत सापडतो, फिलिपिन्समध्ये सापडतो आणि हवाईतही. मलयमधला ‘माता’ म्हणजे डोळा. हवाईयनमध्ये तो ‘माका’ होतो.

‘त’चा हा ‘क’ कसा झाला, ते पाहायला शेजारच्या भाषांशी ताडून पाहावं लागतं. न्यूझीलंडची माओरी ही हवाईयनची जवळची बहीण. मासा माओरीत ‘इका’, हवाईयनमध्ये ‘इ’आ’. होडी ‘वाका’, इकडे ‘वा’आ’. निषिद्ध ते तिकडे ‘तापु’, इकडे ‘कापु’. माणूस ‘ताङाता’, इकडे ‘कानाका’. ‘अरोहा’चं ‘अलोहा’ झालं. आपल्या अळवाच्या जातीचा जो कंद त्या बेटांवर पोटभरीचं अन्न आहे, तो माओरीत ‘तारो’ आणि हवाईत ‘कालो’. सगळ्या पॉलिनेशियन भाषांच्या मूळ भाषेत 13 व्यंजनं होती असं भाषावैज्ञानिक मांडतात. हवाईपर्यंत येता येता त्यांची आठ उरली: प, क, घशातली अडवणूक, ह, म, न, ल आणि व. ‘फ’ आणि ‘स’ दोघेही ‘ह’मध्ये विरले, ‘ङ’ ‘न’मध्ये मिसळला, ‘र’ ‘ल’मध्ये गेला.

यातला सर्वांत सुरेख भाग म्हणजे बदलांचा क्रम. जुना ‘क’ घशात उतरून अडवणूक झाला आणि जुना ‘त’ ‘क’च्या जागी येऊन बसला. हे उलट क्रमाने झालं असतं, तर दोन्ही ‘क’ एकत्र होऊन दोघेही घशात गेले असते आणि आज ‘कापु’ऐवजी ‘’आपु’ ऐकू आलं असतं. ताहितीची भाषा या तर्काला दुजोरा देते. तिथे होडी ‘वा’आ’ आहे पण निषिद्ध अजून ‘तापु’च आहे, म्हणजे पहिली पायरी झाली, दुसरी झालीच नाही. सामोआत तर दोन्ही अवस्था एकाच माणसाच्या तोंडी नांदतात. चर्चमध्ये आणि लेखनात ‘त’, घरात आणि बाजारात ‘क’.

रिकाम्या झालेल्या जागेने ‘त’ला ओढून घेतलं का? तसं म्हणण्याचा मोह होतो. रॉबर्ट ब्लस्ट यांनी 2004 साली ‘ओशियानिक लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकात ‘त’चा ‘क’ होण्याची उदाहरणं एकत्र मांडली, तेव्हा हा बदल ऑस्ट्रोनेशियन भाषांत अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे झाल्याचं दिसलं. जगात इतरत्र तो दुर्मिळ आहे. या एकाच कुळाला त्याचं इतकं वेड का, याचं सर्वांना पटलेलं उत्तर अजून मिळालेलं नाही.

भाषा नेमकी कुठून आली, याबाबतही जुनी घडी विस्कटली आहे. रॉजर ग्रीन यांच्या 1966च्या मांडणीपासून हवाईयनला मार्केसस बेटांच्या भाषांच्या गटात आणि माओरीला ताहितीच्या गटात बसवण्याचा प्रघात होता. मेरी वॉलवर्थ यांनी 2014 साली हे दोन्ही उपगट पुराव्यावर टिकत नाहीत असं दाखवलं. बेटाबेटांमधली ये-जा दीर्घकाळ चालू राहिली, त्यामुळे स्वच्छ फाटे पडलेच नाहीत, असा त्यांचा रोख आहे. त्याआधी 2012 साली विल्यम विल्सन यांनी वेगळीच दिशा दाखवली होती. पूर्व पॉलिनेशियन भाषांचं नातं सॉलोमन बेटांच्या उत्तरेकडच्या ओंटोंग जावासारख्या चिमुकल्या प्रवाळबेटांशी जुळतं, असं त्यांचं म्हणणं. योगायोग असा की ओंटोंग जावाच्या भाषेतही ‘त’चा ‘क’ झालेला आहे. पण हा बदल कुठेही स्वतंत्रपणे होऊ शकतो हे आधीच दिसल्यामुळे, नात्याचा पुरावा म्हणून तो इथे कामाचा नाही.

मतदानाने ठरलेली वर्णमाला

कॅप्टन कुकची जहाजं जानेवारी 1778मध्ये काउआई बेटावर वाइमेआला लागली. इंग्रज कानांनी टिपलेल्या शब्दांत ‘त’ भरपूर आहे, ‘र’ही आहे. हवाईचं नाव त्यांनी ‘ओव्हायही’ असं लिहिलं, कारण नावाआधी येणारा ‘’ओ’ हे व्याकरणातलं अव्यय त्यांना नावाचाच भाग वाटलं. बेटं एकछत्री आणणाऱ्या राजाला आज जग कामेहामेहा म्हणतं. 1790च्या दशकात आलेल्या व्हँकुव्हरने तो ‘तामाहमाह’ असा लिहिला. त्याच्या मुलाची ‘लिहोलिहो’ आणि ‘रिहोरिहो’ अशी दोन्ही रूपं कागदोपत्री आहेत.

कान चुकत नव्हते. बोलणाऱ्यांच्या तोंडीच ‘त’ आणि ‘क’ यांची अदलाबदल होती. हवाई बेटाच्या बाजूला ‘क’चा जोर, काउआईकडे ‘त’चा. ‘ल’ आणि ‘र’ यांमध्ये कुणाला फरक वाटत नव्हता.

इथे मराठीशी खरा धागा जुळतो. बॉस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 साली मुंबईत उतरले आणि ज्याच्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे मराठी छपाईला हात घातला, त्याच बोर्डाची तुकडी ‘थॅडियस’ नावाच्या जहाजातून 1820 साली हवाईला पोचली. मुंबईत त्यांच्यासमोर घडलेली लिपी तयार होती. हवाईत लिपीच नव्हती. न्यू इंग्लंडमध्ये 1818 साली वारलेल्या ओपुकाहाइआ या तरुण हवाईयनाच्या आठवणीने ही मोहीम निघाली होती. मोहिमेतल्या सॅम्युअल रगल्सने आधीच केलेल्या व्याकरणाच्या हस्तलिखितात स्वरांसाठी चक्क आकडे वापरले होते. ती वाट पुढे सोडून दिली गेली.

होनोलुलुत 7 जानेवारी 1822 रोजी पहिलं पान छापलं गेलं. त्या पहिल्या पुस्तिकेत हवाईयन शब्दांसाठी पाच स्वर आणि 12 व्यंजनं होती. बी आणि पी, डी, एल आणि आर, के आणि टी, व्ही आणि डब्ल्यू, सगळी शेजारी शेजारी. परिणाम व्हायचा तोच झाला. एकच शब्द चार जण चार प्रकारे लिहू लागले. मग 1826 साली मिशनऱ्यांनी आपसांत मतं मागवली आणि बी, डी, आर, टी, व्ही ही पाच अक्षरं हवाईयन शब्दांतून काढून टाकली. उरली 12 अक्षरांची वर्णमाला. तिचं लोकांनी ठेवलेलं नाव ‘पी’आपा’. शाळेत ‘बी, ए, बा’ असं घोकायचं. ते हवाईयन जिभेवर ‘पी, ’आ, पा’ झालं आणि तेच वर्णमालेचं नाव पडलं. काढून टाकलेल्या ‘बी’ची हकालपट्टी त्या नावातच नोंदलेली आहे.

या मतदानाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत.

एक दृष्टी भाषाविज्ञानाची. ‘द व्हॉइसेस ऑफ ईडन’ (1994) हा हवाईयनच्या अभ्यासाचा सविस्तर इतिहास लिहिणारे आल्बर्ट शुट्झ दाखवतात की ज्या दोन ध्वनींमुळे अर्थ बदलत नाही त्यांना एकच अक्षर द्यायचं, हे तत्त्व मिशनऱ्यांनी ‘फोनीम’ची संकल्पना रुजण्याच्या कितीतरी आधी गाठलं होतं. परक्या कानांनी पाच अक्षरांचा मोह सोडला, हे कौतुकाचं आहे. साक्षरता एका पिढीत पसरली, त्यालाही या सुटसुटीतपणाची मदत झाली. लाहाइनालुनाच्या शाळेतून 1834 साली, म्हणजे आपलं ‘दर्पण’ निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, ‘का लामा हवाई’ हे वर्तमानपत्र निघालं. पुढच्या शतकभरात हवाईयन वर्तमानपत्रांची जी पानं छापली गेली, त्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात धरतात.

दुसरी दृष्टी म्हणते की निवड तत्त्वाची असली तरी पारडं कुणाकडे झुकलं ते पाहा. ‘क’ आणि ‘त’ यांतलं एकच ठेवायचं होतं, तर ‘त’ही ठेवता आला असता, सामोआत मिशनऱ्यांनी तोच ठेवला. छापील ‘क’मुळे काउआईची बोली दुय्यम ठरली. यावर पहिल्या बाजूचं म्हणणं असं की कामेहामेहाच्या दरबाराची बोली ‘क’वाली होती आणि बेटं एकत्र झाल्यावर तिचा दबदबा वाढणारच होता. छापखान्याने किती केलं आणि राज्याने किती, हे वेगळं काढण्याचं साधन आज हाती नाही. दोन्ही गोष्टी एकाच पिढीत घडल्या.

मिशनऱ्यांच्या हातून जी चूक झाली, तिच्याबद्दल मात्र दोन्ही बाजू एक आहेत. अक्षरं कमी करण्याच्या नादात त्यांनी दोन खऱ्या गोष्टी लिहिल्याच नाहीत: घशातली अडवणूक आणि स्वरांची लांबी. बायबलच्या भाषांतरात ‘को’उ’ म्हणजे ‘माझा’ आणि ‘कोउ’ म्हणजे ‘तुझा’ यांत गोंधळ होऊ नये म्हणून तेवढ्यापुरता चिन्हाचा आधार घेतला. देवाचं आणि भक्ताचं काय आहे ते तरी निदान वेगळं राहिलं पाहिजे! बाकी सगळं वाचणाऱ्यावर सोडलं.

दोन चिन्हांचा प्रश्न

सोडलं म्हणजे किती? एकच उदाहरण घेऊ. पी, ए, यू अशी तीन अक्षरं. दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि अडवणूक नसलेला ‘पाउ’ म्हणजे ‘संपलं’. हवाईत इंग्रजी बोलणारेही काम उरकलं की हाच शब्द टाकतात. मध्ये ओकिना घातली की ‘पा’उ’ म्हणजे काजळी. शेवटचा स्वर लांबवला की ‘पा’ऊ’ म्हणजे ओलसर. दोन्ही स्वर दीर्घ आणि मध्ये ओकिना, तर बायकांचा घागरा. जुन्या वर्तमानपत्रात चारही एकसारखे दिसतात.

जुना हवाईयन वाचक यात अडखळत नव्हता, कारण तो बोलता येणाऱ्या भाषेचा वाचक होता. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. ‘जरा थांब’ आणि ‘जरा-व्याधी’ या दोन्हींतला ‘ज’ आपण एकाच अक्षराने लिहितो आणि वेगळा उच्चारतो. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांच्या ‘च’चंही तेच. मोडीत तर इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेदही पाळला जात नसे आणि दप्तरं त्यातच चालली. अडचण येते ती भाषा कागदावरून शिकणाऱ्याला.

हवाईत ती वेळ आली. राणी लिलिउओकालानीची सत्ता 1893 साली उलथवली गेली. नव्या प्रजासत्ताकाने 1896च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी केलं. दोन-तीन पिढ्यांत घरातून भाषा निघून गेली. मग मेरी कावेना पुकुइ आणि सॅम्युअल एल्बर्ट यांचा कोश 1957 साली आला, त्यात ओकिना आणि काहाको पद्धतशीर होते. पुकुइ जन्माने हवाईयनभाषक होत्या, त्यामुळे चिन्ह कुठे हवं हे सांगणारा कान विश्वासार्ह होता. पुढे 1978 साली हवाई राज्याच्या घटनेत हवाईयन इंग्रजीबरोबर राजभाषा झाली आणि त्याच सुमारास चिन्हांसह लेखनाचे नियम ठरले. आज शाळा, विद्यापीठं आणि सरकारी पाट्या बहुतांशी ते पाळतात. अमेरिकन काँग्रेसने 2000 साली खास कायदा करून हवाईतल्या राष्ट्रीय उद्यानांची नावं चिन्हांसह दुरुस्त केली. राज्याच्या नावाचं मात्र 1959च्या प्रवेश कायद्यातलं बिनओकिनाचं रूप अजून तसंच आहे.

चिन्हांच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. ओकिना हे व्यंजन आहे. ते गाळणं म्हणजे ‘कमल’मधला ‘म’ गाळणं. परभाषक घरातून येणाऱ्या मुलाला चिन्हाविना उच्चार कळणार कसा?

विरोधी बाजूला दोन वेगळे गट आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. निइहाऊ बेटावरचे जन्मभाषक चिन्हं फारशी वापरत नाहीत. त्यांना गरज नाही. दुसरा गट जुन्या साहित्याच्या अभ्यासकांचा. हवाईयन काव्यात ‘काओना’ म्हणजे दडलेला अर्थ ही मोठी गोष्ट. चिन्हाविना लिहिलेला शब्द एकाच वेळी दोन-तीन अर्थ झुलवत ठेवतो; संपादकाने त्यावर चिन्हं चढवली की एक अर्थ पक्का होतो आणि बाकीचे मरतात. जुना मजकूर छापताना म्हणून काही संपादक मूळ रूप जसंच्या तसं ठेवतात.

स्थळनावांत हा प्रश्न सर्वांत हट्टी होतो. मोलोकाई बेटाचं नाव कोशात आणि पाट्यांवर शेवटच्या दोन स्वरांमध्ये ओकिना घालून लिहितात; बेटावरच्या काही जुन्या कुटुंबांचा आग्रह आहे की त्यांच्या आजी-आजोबांच्या तोंडी तिथे अडवणूक कधीच नव्हती. नावाची व्युत्पत्ती हरवली असेल तर चिन्ह हा निव्वळ अंदाज उरतो, आणि अंदाजाला सरकारी पाटीवर बसवलं की तो खरा वाटू लागतो.

व्यवहारातल्या अडचणी निराळ्याच. एका बाईंचं आडनाव 35 अक्षरं आणि एक ओकिना एवढं लांब. वाहन परवान्याच्या रकान्यात ते मावेना, म्हणून त्यावर शेवटचं अक्षर आणि ओकिना दोन्ही गळाली. बाईंनी नाव आखडून घ्यायला नकार दिला आणि गाऱ्हाणं जाहीर केलं, तेव्हा 2013 साली परवान्यावरची मर्यादा 40 अक्षरांपर्यंत वाढवण्यात आली.

ध्वनींची मोजणीही या चिन्हांवरच अडते. दीर्घ स्वर हा स्वतंत्र ध्वनी मानला तर स्वर दहा, म्हणजे एकूण 18. दीर्घ स्वर म्हणजे तोच स्वर दोनदा, असं मानलं तर एकूण 13. दोन्ही आकडे गंभीर पुस्तकांत सापडतात आणि दोन्हींमागे कारणं आहेत. ‘जगातली सर्वांत कमी ध्वनींची भाषा’ हा पर्यटनपुस्तिकांतला दावा मात्र सोडून द्यावा; बूगनव्हिल बेटावरच्या रोतोकास भाषेत व्यंजनं सहाच मोजतात.

कुणाची जीभ प्रमाण?

पुनरुज्जीवनाची सुरुवात न्यूझीलंडकडे पाहून झाली. तिथे 1982 साली ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेची घरटी सुरू झाली. हवाईत 1983 साली ‘’आहा पुनाना लेओ’ ही संस्था स्थापन झाली आणि 1984 साली काउआईवर केकाहा इथे तिची पहिली बालवाडी उघडली. (‘रेओ’ आणि ‘लेओ’ हा एकच शब्द, ‘र’चा ‘ल’ होण्याचा नियम संस्थेच्या नावातच पाहता येतो.) त्या वेळी अठरा वर्षांखालचे हवाईयन बोलणारे पन्नासाहून कमी होते, असा संस्थेचा अंदाज. पुढे 1987पासून सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग आले. राज्याच्या 2016च्या एका अहवालात घरी हवाईयन बोलणाऱ्यांची संख्या 18 हजारांवर नोंदली आहे. एवढं मोठं वळण घेतलेल्या भाषा जगात थोड्या आहेत.

पण ही मुलं बोलतात ती हवाईयन कोणती? जन्मभाषकासाठी ‘मानालेओ’ असा शब्द गेल्या अर्धशतकात रुळला. ‘माना’ म्हणजे मोठ्यांनी चावून मऊ करून बाळाच्या तोंडात दिलेला घास, ‘लेओ’ म्हणजे आवाज. नव्या पिढीला हा घास क्वचितच मिळाला. तिची भाषा कोशातून, वर्गातून आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकांकडून आली. केआओ नेस्मिथ यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘तुतूची हवाईयन’ (तुतू म्हणजे आजी-आजोबा) आणि ‘नव-हवाईयन’ असा स्पष्ट भेद मांडला. त्यांच्या मते नव्या रूपावर इंग्रजीच्या वाक्यरचनेची, आघातांची आणि पुस्तकी उच्चारांची छाप आहे. आजी जिथे स्वर एकमेकांत ओतते, तिथे नातू चिन्ह पाहून प्रत्येक अडवणूक ठोकून म्हणतो.

चळवळीच्या कार्यकर्त्यांचं उत्तर व्यवहाराचं आहे. हिब्रू, आयरिश, माओरी, जी जी भाषा शाळेतून परत आली ती बदलून आली. शिक्षक होण्याइतके जन्मभाषक उरले नव्हते, त्यांची वाट पाहत बसलं असतं तर आज वाद घालायला भाषाच नसती. जन्मभाषकांच्या उच्चाराला मान देणं आणि मुलांना चुकीचं ठरवणं यांत अंतर ठेवावं, असंही ते म्हणतात. नेस्मिथ यांच्यासारख्यांचा प्रत्यारोप असा की अंतर ठेवण्याच्या नावाखाली जिवंत जन्मभाषकच बाजूला पडतात.

निइहाऊ या वादाच्या मध्यभागी आहे. सिंक्लेअर कुटुंबाने हे बेट पाचव्या कामेहामेहाकडून 1864 साली 10 हजार डॉलरला विकत घेतलं; ते आजही खासगी आहे आणि वस्ती दोनशेच्या आत. बाहेरच्यांना सहज प्रवेश नसल्याने भाषा घरात राहिली आणि ‘त’ही राहिला. तिथे तो ‘क’बरोबर अदलून-बदलून येतो, 1778 साली काउआईवर आल्यासारखा. निइहाऊची बोली हीच सर्वांत अस्सल, असं कुणी म्हणतं तेव्हा इतर बेटांवरचे लोक विचारतात: आमच्या आजीचा ‘क’ कमी अस्सल कसा? मतदानात ज्याच्यावर पाणी सोडलं, तो ‘त’ आता प्रामाण्याचं चिन्ह होऊन परत आला आहे.

‘व’चं भांडण त्याहून रोजचं. राज्याचं नाव ‘हावाइ’इ’ म्हणताना ओठ गोल करायचे की दात टेकवायचे? जुना ढोबळ नियम असा: ‘इ’ आणि ‘ए’ यांच्यानंतर दात टेकवून, ‘उ’ आणि ‘ओ’ यांच्यानंतर ओठ गोल करून, आणि ‘आ’नंतर कसंही. राज्याचं नाव नेमकं त्या ‘कसंही’मध्ये पडतं. काही शिक्षक दंतोष्ठ्य उच्चारच हवाईयन मानून इंग्रजी ढंगापासून फारकत घेतात. ज्यांच्या घरात गोल ओठांचा उच्चार पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना ही सक्ती रुचत नाही.

‘क’च्या गळ्यात सगळं जग

शेवटचा प्रश्न नव्या शब्दांचा. आठ व्यंजनांत पाच ऱ्हस्व स्वर फिरवले, व्यंजनाविना येणारे स्वरही धरले, तरी अक्षरावयव (सिलॅबल) 45च होतात. दोन व्यंजनं एकत्र येत नाहीत, शब्द व्यंजनात संपत नाही. त्यामुळे शब्द लांबतात. राज्यमाशाचं नाव ‘हुमुहुमुनुकुनुकु-आपुआ’आ’ आहे. आणि परका शब्द आला की त्याला या गाळणीतून जावं लागतं. ‘त’, ‘द’, ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ज’, ‘ग’, सगळे ‘क’ होतात. इंग्रजीतला ‘क्रिसमस’ असा जातो: क्र फोडून ‘का-लि’, स चा ‘कि’, मग ‘मा’, शेवटच्या स चा ‘का’. झालं ‘कालिकिमाका’. जॉर्जचा केओकि, डेव्हिडचा कावीका, रॉबर्टचा लोपाका.

एकोणिसाव्या शतकातल्या बायबलने वेगळी वाट घेतली होती. पवित्र नावांत आर, एस, टी अशी परकी अक्षरं तशीच ठेवली. म्हणजे मतदानाने घालवलेली अक्षरं पाहुणी म्हणून परत आली. आजच्या शब्दसमितीला, जी 1987पासून काम करते, दोन्ही परंपरा वारशात मिळाल्या. ‘मामाका काइआओ’ या तिच्या कोशात ऑक्सिजन ‘’ओकिकेने’ होतो. संगणकाला ‘कामेपिउला’ असा गाळून घेतलेला शब्दही आहे आणि ‘लोलो उइला’, म्हणजे विजेचा मेंदू, असा घडवलेलाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीपासून हा वाद ऐकत आलेल्या मराठी माणसाला दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ असतील. हवाईत एक वेगळी अट भर घालते: घडवलेला शब्द जन्मभाषकाला परका वाटतो, तर गाळलेला शब्द ‘क’च्या गर्दीत ओळखू येत नाही.

वाद आता पुराव्याकडे सरकतो आहे, ही अलीकडची गोष्ट. लॅरी किमुरा यांनी 1972 साली ‘का लेओ हवाई’ हा नभोवाणी कार्यक्रम सुरू केला. त्यात वृद्ध जन्मभाषक दर आठवड्याला मनमोकळं बोलत. शेकडो तासांचं हे ध्वनिमुद्रण आता हिलोच्या विद्यापीठाच्या ‘कानि’आइना’ या डिजिटल संग्रहात आहे. ओइवी पार्कर जोन्स यांनी 2018 साली आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात हवाईयन ध्वनींचं नवं वर्णन छापलं. जन्मभाषकांच्या मुद्रणांतून स्वरांची लांबी आणि जागा यंत्राने मोजण्याचं काम चालू आहे. ‘त’ कुणाच्या तोंडी, कोणत्या शब्दात, कोणत्या वेगात येतो, ‘आ’नंतरचा ‘व’ किती वेळा गोल आणि किती वेळा दाताचा, सलग बोलण्यात ओकिना किती वेळा नुसती आवाजाच्या थरथरीपुरती उरते, हे आता मोजता येतं. मोलोकाईच्या नावाला मात्र याचा फारसा उपयोग नाही. ज्यांच्या तोंडचं ऐकायला हवं होतं, ते ध्वनिमुद्रण यंत्र बेटावर पोचण्याआधी गेले.